सीमाभागातील मालवाहतुकीसाठी पिकअप: डिझेल घ्यावी की पेट्रोल?

कडोलीचा मळेवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे २०१४ सालची, दीड टन माल नेणारी डिझेल पिकअप आहे. गाडीला आठ वर्षे उलटून गेल्यामुळे आता दरवर्षी पासिंग करावे लागते. पाट्यांचे (स्प्रिंगचे) काम दोनदा झाले आहे आणि यंदा इंजिनकामही काढावे लागेल, असे दिसते. त्या खर्चात पडण्यापेक्षा नवी गाडी घ्यावी, असे घरात ठरले आहे, पण कोणती घ्यावी यावर एकमत होत नाही.

वडिलांच्या मते ओझ्याच्या गाडीला डिझेलच हवे. धाकटा भाऊ म्हणतो की बीएस-६ हा धुराच्या प्रदूषणाचा नियम आल्यापासून डिझेल गाड्या फार नाजूक झाल्या आहेत, त्यात दहा वर्षांनी त्या भंगारात काढायचा नियम येणार आहे, म्हणून पेट्रोल किंवा सीएनजी पाहावी. शेजारच्या एका गृहस्थांच्या बीएस-६ पिकअपचा धुराचा फिल्टर दीड वर्षात तीनदा तुंबला. तिसऱ्या वेळी गाडी दहा दिवस वर्कशॉपमध्ये उभी होती आणि त्यांचा कोथिंबिरीचा माल दुसऱ्याच्या भाड्याच्या गाडीतून गेला. हे डोळ्यांसमोर घडल्यामुळे भावाचे म्हणणे मला उडवून लावता येत नाही.

आमचे काम दोन प्रकारचे आहे. रोज पहाटे मळ्यातून बेळगावच्या बाजारात माल पोहोचवायचा आणि तिथून शहरातल्या सात-आठ खाणावळींना थोडी थोडी भाजी द्यायची. यात सगळे मिळून साधारण ४० किलोमीटर होतात आणि त्यातला बराच वेळ गाडी थांबत-थांबत चालते. दुसरे काम म्हणजे आठवड्यातून तीन वेळा बटाटा, रताळी, कोबी आणि मिरची घेऊन जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाटामार्गे गोव्यातल्या म्हापशाला जायचे. ही फेरी जाऊन-येऊन सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटरची होते. नव्या गाडीकडून दोन्ही कामे व्हावीत, ही अपेक्षा आहे. जाणकारांनी अनुभव आणि हिशेब दोन्ही सांगावे.

उद्यमबागेतला मेस्त्री

मळेवाले, आपला प्रश्न डिझेल की पेट्रोल असा असला तरी आपल्या वजनाच्या वर्गात पेट्रोलचा पर्याय बाजारात जवळजवळ नाहीच, हे आधी लक्षात घ्यावे. दीड ते दोन टनांच्या बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, लेलँडची दोस्त या मुख्यतः डिझेलच्या गाड्या आहेत. त्यांतल्या काही सीएनजीवरही मिळतात. पेट्रोल इंजिन दिसते ते टनाच्या आतल्या गाड्यांत, म्हणजे मारुतीच्या सुपर कॅरीत किंवा छोट्या हत्तीच्या (टाटा एसच्या) पेट्रोल प्रकारात. टाटाच्या इंट्रा मालिकेत एक टन नेणारी, पेट्रोल आणि सीएनजी अशा दोन्ही इंधनांवर चालणारी गाडी आहे. आपण रोज दीड टन भरत असाल तर प्रश्न तिथेच संपतो. पण रोज खरोखर किती भरता, हे एकदा वजनकाट्यावर पाहून सांगावे, कारण माझा अनुभव असा आहे की पुष्कळ लोक दीड टनाची गाडी घेतात आणि वर्षातले दोनशे दिवस तीत सात-आठ क्विंटलच फिरवतात.

आता डिझेलला ओझे का झेपते ते पाहू. पेट्रोल इंजिनात हवा साधारण नऊ ते बारा पट दाबली जाते आणि ठिणगी देऊन जाळ केला जातो. डिझेलमध्ये ती पंधरा ते वीस पट दाबली जाते आणि त्या दाबाने तापलेल्या हवेत फवारा सोडला की इंधन आपोआप पेटते. जास्त दाबामुळे त्याच इंधनातून जास्त काम निघते. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२. टर्बो जोडलेले डिझेल इंजिन मिनिटाला १,५०० ते २,००० फेऱ्यांतच पूर्ण ओढ (टॉर्क) देते. योद्ध्याचे २.२ लिटरचे इंजिन २५० न्यूटन-मीटर देते आणि बोलेरो पिकअपचे अडीच लिटरचे इंजिन २०० च्या आसपास. सुपर कॅरीचे १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन शंभरच्या थोडे वर देते. चढावर भरलेली गाडी थांबवून पुन्हा उचलायची वेळ आली की हा फरक पायाला कळतो. पेट्रोलला फेऱ्या वाढवाव्या लागतात आणि क्लच प्लेटचा वास येऊ लागतो.

आपल्या वडिलांच्या पिढीचा डिझेलवरचा विश्वास विहिरीवरच्या ऑइल इंजिनापासूनचा आहे, आणि ज्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखानदारीच्या आधी सायकलचे दुकान चालवले, त्या गावात तो असणे स्वाभाविकच आहे. पण ते इंजिन एकाच वेगाने तासन्‌तास ठोके देत चालायचे. डिझेलला असेच काम मानवते. आजच्या डिझेलला तर ते अधिकच मानवते, आणि आपल्या शेजाऱ्यांच्या फिल्टरचे दुखणे नेमके इथेच आहे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. डिझेलमधील गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आले आणि गाडीच्या धुरांड्यात काजळी अडवणारा फिल्टर बसला. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी फिल्टरचे तापमान सुमारे सहाशे अंशांपर्यंत जावे लागते. हमरस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे एकसारखी गाडी चालली की हे आपसूक होते. आपल्यासारखी खाणावळीच्या दारात दहा वेळा बंद-चालू होणारी गाडी तितकी तापतच नाही. मग गाडीचा संगणक जादा डिझेल सोडून फिल्टर तापवू पाहतो, तेवढ्यात आपण चावी फिरवून इंजिन बंद करतो आणि काम अर्धवट राहते. असे वारंवार झाले की ते न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते. ऑइलकांडी काढून पाहिल्यावर पातळी वाढलेली दिसली, तर ऑइल वाचले म्हणून समाधान मानू नये. ते पातळ झालेले असते आणि बेअरिंगची झीज तिथून सुरू होते.

खडेबाजारचा हिशेबनीस

मेस्त्रीकाकांनी यंत्र सांगितले, मी पैसे सांगतो. सोयीसाठी डिझेल ९१ रुपये आणि पेट्रोल १०३ रुपये लिटर धरले आहे. भाव बदलले तर आकडे आपण बदलून घ्यावेत. टनाच्या आसपासची डिझेल गाडी लिटरला १६ किलोमीटर आणि तेवढाच माल घेऊन पेट्रोल गाडी १३ किलोमीटर जाते असे समजू. डिझेलचा किलोमीटरला खर्च ५ रुपये ६९ पैसे आणि पेट्रोलचा ७ रुपये ९२ पैसे होतो, म्हणजे फरक सव्वादोन रुपयांच्या जवळ. डिझेल गाडीची किंमत एक लाख वीस हजारांनी जास्त आहे असे मानले, तर ती रक्कम भरून निघायला सुमारे ५४ हजार किलोमीटर लागतात.

आपले फक्त शहरातले काम पाहिले तर वर्षाला ३०० दिवस आणि रोज ४० किलोमीटर, म्हणजे १२ हजार किलोमीटर. फरक वसूल व्हायला साडेचार वर्षे जातील आणि त्या साडेचार वर्षांत फिल्टरचे एक मोठे दुखणे निघाले, तर वसुली आणखी लांबेल. फक्त गोव्याच्या आठवड्यातल्या तीन फेऱ्या धरल्या तर वर्षाला ३५-३६ हजार किलोमीटर होतात आणि हीच रक्कम दीड वर्षात सुटते. एकाच माणसाच्या दोन कामांची ही दोन वेगळी उत्तरे आहेत.

पूर्वी हा हिशेब करावाच लागत नसे. २०१२ मध्ये दोन्ही इंधनांत लिटरमागे सुमारे तीस रुपयांचे अंतर होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि ते अंतर ओसरत गेले. कर्नाटकाने डिझेलवरील विक्रीकर जून २०२४ मध्ये १४.३४ वरून १८.४४ टक्के आणि एप्रिल २०२५ मध्ये २१.१७ टक्के केला. त्यामुळे सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे टाकी भरून मगच महाराष्ट्रात शिरायचे, या जुन्या सवयीतही आता पूर्वीचा फायदा उरलेला नाही.

आपल्या बंधूंची एक शंका मात्र दूर करतो. दहा वर्षांनी डिझेल गाडी बंद करण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली आणि राजधानी परिसरापुरता दिला होता. केए-२२ च्या, म्हणजे बेळगावात नोंद झालेल्या गाडीला तो लागू नाही. आपल्याकडे पासिंग होत आहे तोवर गाडी चालते.

निपाणीहून ह्यूस्टनला

माझे मूळ घर निपाणीचे, गेली बरीच वर्षे टेक्ससमध्ये राहतो. इथे हा वाद पिकअपवाल्यांत रोज चालतो, पण त्याचे आकडे ऐकून आपल्याकडे कोणी निर्णय घेऊ नये, यासाठी लिहीत आहे.

इथल्या अवजड वर्गातल्या पिकअपमध्ये, उदाहरणार्थ फोर्डच्या सुपर ड्यूटीमध्ये, ७.३ लिटरचे आठ सिलिंडरी पेट्रोल इंजिन मिळते आणि ६.७ लिटरचे डिझेलही मिळते. पेट्रोलची ओढ ६४० न्यूटन-मीटरच्या जवळपास आहे आणि डिझेलची चौदाशेच्या वर. म्हणजे इथले ‘कमी ओढीचे’ पेट्रोल इंजिन आपल्या योद्ध्याच्या अडीचपट ओढते. डिझेल इंजिनासाठी साधारण दहा हजार डॉलर जास्त मोजावे लागतात. इथे डिझेल बहुतेक वेळा पेट्रोलपेक्षा महाग असते आणि केंद्रीय करही उलटा आहे, गॅलनमागे पेट्रोलवर १८.४ सेंट आणि डिझेलवर २४.४ सेंट. म्हणून जो माणूस महिन्यातून एकदा घोड्यांचा ट्रेलर ओढतो, त्याला इथले जाणकार सरळ पेट्रोल घ्यायला सांगतात, आणि जो रोज पाच-सहा टनांचा ट्रेलर घेऊन डोंगर चढतो, त्याला डिझेल. आपल्याकडे ७.३ लिटरचे पेट्रोल इंजिन कोणी दिले तरी ते पोसणार कोण?

तरी इथल्या डिझेल मालकांकडून शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. ते ओढीइतकेच कौतुक एक्झॉस्ट ब्रेकचे करतात. उतारावर टर्बोची पाती बाहेर जाणाऱ्या वायूची वाट आवळतात आणि इंजिनच गाडीला धरून ठेवते. चोर्ल्याचा घाट डोळ्यांसमोर आणून मेस्त्रीकाकांनी यावर लिहावे, अशी विनंती.

आंबोलीची वाट

आम्ही मालवण आणि वेंगुर्ल्याहून मासळी घेऊन आंबोलीमार्गे बेळगावात येतो. आमचे ओझे समुद्रसपाटीवरून सुमारे साडेसातशे मीटर वर चढते. बर्फासकट सव्वा टन माल, पावसाळ्यात घाटभर धुके आणि पुढच्या ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत राहणे हा आमचा रोजचा रस्ता आहे. दोन हंगाम मी एक टनाची दुइंधनी गाडी वापरून पाहिली. सपाटीवर तिच्याबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. घाटात सीएनजीवर ती इतकी दमायची की पेट्रोलचे बटण दाबावेच लागे, आणि चढ पेट्रोलवर चढायचा असेल तर सीएनजीची बचत निम्मी तिथेच जाते. सकाळी सातच्या लिलावाला उशिरा पोहोचलेल्या बांगड्याचा भाव सांगायला नको. मी डिझेलवर परत आलो. फिल्टरचा त्रास मला नाही, कारण आमची गाडी घाट चढताना इतकी तापते की काजळी राहतच नाही.

कडोलीचा मळेवाला

सर्वांचे आभार. काकांच्या सांगण्यावरून गेले चार दिवस काट्यावर वजन केले. रोजच्या बाजाराच्या खेपेला सहा ते साडेआठ क्विंटल भरले. गोव्याच्या खेपेला मात्र पंधरा क्विंटल पूर्ण होते.

आंबोलीवाल्या दादांचा प्रतिसाद वाचताना माझ्या ध्यानात आले की आमचा प्रवास त्यांच्या बरोबर उलटा आहे. आम्ही भरलेली गाडी घेऊन घाट उतरतो आणि रिकामी गाडी घेऊन चढतो. परतीला कधी नारळ मिळाले तर मिळाले. इतकी वर्षे ‘घाट आहे म्हणून डिझेल’ असे आम्ही म्हणत आलो, पण ओझ्यासह मोठा घाट आम्ही चढतच नाही.

उद्यमबागेतला मेस्त्री

मळेवाले, ही माहिती पहिल्या दिवशी दिली असती तर माझा पहिला प्रतिसाद निराळा झाला असता. भरलेल्या गाडीने उतरणे हे चढण्यापेक्षा अवघड काम आहे. चढताना इंजिन कमी पडले तर गाडी फार तर थांबते.

पेट्रोल इंजिनात पाय उचलला की हवेच्या वाटेवरची झडप मिटते, आत पोकळी तयार होते आणि त्या पोकळीविरुद्ध पिस्टन ओढावे लागत असल्यामुळे इंजिन चाकांना रोखून धरते. सीएनजीच्या इंजिनातही ठिणगी आणि झडप असल्याने तसेच होते. डिझेलच्या मूळ रचनेत हवा मोकळी येते, फक्त इंधनाचा फवारा कमी-जास्त होतो. दाबलेली हवा पिस्टनला परत ढकलून बरीचशी शक्ती परत देते. म्हणून सारख्या आकारमानाच्या दोन इंजिनांत, वेगळा एक्झॉस्ट ब्रेक नसेल तर, पाय उचलल्यावर डिझेल कमी रोखते. मोठ्या ट्रकांना आणि निपाणीकरांनी सांगितलेल्या अमेरिकन पिकअपना तो ब्रेक असतो. आपल्याकडच्या ज्या पिकअप माझ्या हाताखालून गेल्या, त्यांत तो मला आढळला नाही.

याचा अर्थ घाट उतरायला पेट्रोल गाडी घ्यावी असा काढू नये. अडीच लिटरचे इंजिन १.२ लिटरच्या दुप्पट हवा दाबते, त्यामुळे मूळचा तोटा आकारमानाने बराच भरून निघतो. शिवाय पंधरा क्विंटल माल टनाच्या गाडीत कोंबला तर ब्रेक, टायर आणि पाटे यांतले काहीच त्या ओझ्यासाठी बनवलेले नसते. कणकुंबीच्या पुढे उतार सुरू होण्याआधीच दुसरा गिअर टाकावा, आणि ज्या गिअरमध्ये आपण तो घाट भरलेल्या गाडीने चढला असता, त्याच्या वर उतरताना जाऊ नये. ब्रेकवर सतत पाय ठेवण्याऐवजी ठरावीक अंतराने दाबून सोडावा, म्हणजे लायनरला थंड व्हायला वेळ मिळतो. इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणारे लोक मी पाहिले आहेत. मुळात गिअरमध्ये पाय उचललेला असताना आजचे इंजिन फवारा बंदच करते, उलट न्यूट्रलमध्ये ते चालू राहण्यासाठी इंधन जाळते. आणि उतारावर इंजिन बंद करणाऱ्याशी मी वाद घालत नाही. डिझेल गाडीत ब्रेकला हलकेपणा देणारी पोकळी वेगळ्या पंपातून येते, इंजिन थांबले की तो पंप थांबतो आणि दोन-तीन दाबांनंतर ब्रेकचे पायडल दगडासारखे होते.

धुराच्या फिल्टरबाबत राहिलेले एक सांगतो. काही बीएस-६ गाड्यांत युरियाचे द्रावणही भरावे लागते, त्यात ३२.५ टक्के युरिया असतो आणि बाकी शुद्ध पाणी. काही हलक्या गाड्या त्याविना चालतात. घेताना हे विचारून घ्यावे. शेतातला युरिया पाण्यात विरघळवून ओतण्याचा प्रयोग गेल्या वर्षी माझ्याकडे एकाने आणला होता आणि तो दुरुस्त करण्यापलीकडचा होता. फिल्टरच काढून टाकतो म्हणणारे लोकही भेटतील. ते बेकायदा आहे आणि पासिंगच्या वेळी अंगाशी येते.

रामनगरचा वाटसरू

एक पुरवणी जोडतो. पेट्रोल घेणाऱ्यांनी इथेनॉलचा विचार करावा, कारण आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचे ते होते, त्यामुळे शेतकरी म्हणून मला त्याचा आनंद आहे. पण लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून ऊर्जेच्या हिशेबाने मिश्रण सहा-सात टक्के हलके पडते. हिशेबनीसांनी धरलेल्या तेरा किलोमीटरमध्ये हा तोटा मिसळलेला असावा, असे मी समजतो. अनमोडकडच्या पावसात टाकीच्या झाकणातून पाणी गेले, तर इथेनॉल ते धरून ठेवते आणि जास्त झाले की दोन्ही मिळून तळाशी बसतात. डिझेल गाडीत पाणी वेगळे करणारा फिल्टर असतो, तो पावसाळ्यात दर पंधरवड्याला खालून मोकळा करावा.

सीएनजीसाठी दोन गोष्टी. टाक्यांचे वजन मालातून कमी होते. सुपर कॅरी पेट्रोलवर ७४० किलो नेते आणि सीएनजीवर ६२५ किलो. शिवाय जांबोटी ओलांडल्यावर घाट उतरेपर्यंत गॅस मिळेल या भरवशावर कोणी निघू नये. शहरात फिरणाऱ्याला यातले काहीच आड येत नाही, फक्त पंपावरची रांग मोजावी लागते.

खडेबाजारचा हिशेबनीस

मिश्रणाचा तोटा मी धरला नव्हता. दुरुस्तीबद्दल आभार. सहा टक्के कमी धरले तर पेट्रोलचा खर्च किलोमीटरला साडेआठ रुपयांच्या जवळ जातो आणि ५४ हजारांऐवजी सुमारे ४४ हजार किलोमीटरमध्ये डिझेलचा जादा पैसा सुटतो. शहरातल्या कामाला तेही साडेतीन वर्षांचे काम आहे.

कडोलीचा मळेवाला

घरी तीन रात्री चर्चा झाली. एकाच गाडीकडून दोन्ही कामे करून घेण्याचा हट्ट आम्ही सोडला. शहरातल्या खाणावळींसाठी आणि रोजच्या बाजारासाठी टनाच्या आतली पेट्रोल-सीएनजी गाडी घ्यायची आणि ती भावाने चालवायची. जुन्या डिझेल पिकअपचे इंजिनकाम करून तिला फक्त गोव्याच्या फेऱ्यांना ठेवायची. ती बीएस-६ च्या आधीची असल्यामुळे फिल्टरचा प्रश्न नाही, आणि आठवड्यातून तीन वेळा लांब पल्ल्याला जाणार असल्याने तिला कामही मानवेल तसेच मिळेल. दोन्हींचा खर्च मिळून नव्या दोन टनी डिझेल गाडीपेक्षा थोडा जास्त होतो, पण एक गाडी वर्कशॉपमध्ये गेली तर माल घरात कुजणार नाही. वडील एवढ्यावर तयार झाले की जुनी गाडी विकायची नाही.

उद्यमबागेतला मेस्त्री

चांगले केलेत. इंजिनकामाच्या आधी मागच्या चाकांचे ब्रेक ड्रम उघडून दाखवा, पंधरा क्विंटल घेऊन उतरणारी गाडी आहे. नवी गाडी घेताना रिकामी चालवून पाहू नका. आठ क्विंटल बटाटा भरून वंटमुरीच्या चढावर न्या, गाडी मध्येच थांबवा, सीएनजीवरच पुन्हा उचला आणि मग सही करा. टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करावी लागते, तिची पहिली तारीख आजच वहीत लिहून ठेवा.